जिभेचा नकार
चहा हवा का विचारलं की माझी लेक वर न बघता जिभेनं 'च्' करते. तो तिचा नकार; ती सुरतेतच वाढली. आम्ही धुळ्याकडून सुरतेच्या डिंडोलीत आलो तेव्हा हा नकार आम्हाला कळायचाच नाही. आई असा 'च्' करायची तो माझं अक्षर गिचमिड आलं म्हणून, नाहीतर कुणी गेल्याचं कानावर आलं म्हणून. इथं मात्र दुकानदार साखर संपली हेही तसंच सांगायचा. हळूहळू आईला सवय झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कडोदऱ्याच्या मिलमध्ये वडील वाफेनं भाजले. दवाखान्याच्या व्हरांड्यात फिनेलचा आणि मलमाचा वास कोंडला होता. दुपारी वॉर्डातून मिलमधला एक कामगार बाहेर आला. आईनं मोडक्या हिंदीत विचारलं, "भाई, कुछ बुरा तो नहीं ना?" त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच 'च्' केलं. आईनं सकाळपासून बांधून ठेवलेली भाकरी सोडली. मला तुकडा भरवत म्हणाली, "खाय पोरी, तुना बाप बरा शे." मग स्वतःही घास मोडला. जायला निघालेला तो माणूस ते ऐकून मागे फिरला, आईसमोर उकिडवा बसला आणि तिचा हात धरून म्हणाला, "माय, घास ऱ्हाऊ दे. मी बी धुळ्याकडनाच शे." आज लेकीनं पुन्हा 'च्' केलं. चहा नको तर तोंडानं नाही म्हण, असं मी जरा जोरातच म्हणाले. तिला वाटतं, मी उगाच चिडते.