सातचं गेट आन् अध्यक्षाची सही

चहाच्या गाळणीत पत्ती साचते ना, तसे किस्से साचतात. रोज झटकतो मी, तरी सांजपर्यंत पुन्हा ढीग! विद्यापीठाच्या आवारात, लायब्ररी आन् पोरींच्या होस्टेलच्या मधात माहा चहाचा ठेला. शाळा म्हणाल तर चौथी. पण इथले पीएचडीवालेही माह्या शिव्या खाऊनच चहा पितात. त्यात यंदा पोट्ट्यांचं इलेक्शन लागलं, विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाचं. मंग काय बाप्पा! दूध उतू गेलं, साखर दोनदा पडली, जीव ठिकाणावर नाई. काऊन? तेच सांगून राह्यलो.

*

पहिला उभा राह्यला मनीष. हिंगणघाटचा. बापाची कापसाची जिनिंग, बुडाखाली चकाचक गाडी. पण नियम असा, का ज्याची हजेरी पुरी, त्यालेच फॉर्म भरता येते. आन् हा गडी वर्गात फिरकलाच नाई कधी! एक दिवस धापा टाकत ठेल्यावर आला.

"आबाजी, आमच्या वर्गाच्या मॅडम इथं चहाले येतात म्हणे. कोणत्या हो त्या?"

बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"मीच ती. बस बाळा. तुझं नाव काय?"

दोन वर्षं झाली होती त्याले ॲडमिशन घेऊन!

मॅडमनं मंग महिनाभर त्याले रोज पहिल्या बाकावर बसवलं, तवा कुठं फॉर्मवर सही दिली. पोट्टा म्हणे, "आबाजी, इलेक्शनच्या नादात मले अर्धा सिलॅबस समजला!"

*

दुसरी प्रणाली. आंजीची. माय वर्ध्याच्या बाजारात भाजी विकते. पोरगी हुशार, पण तोंडाची फटकळ. म्हणून मले पटते.

तिचं म्हणणं एकच. लायब्ररी रात्री दहापर्यंत चालू, आन् पोरींच्या होस्टेलचं गेट सातले बंद! पावणेसात वाजले का पोरी अर्धं वाचलेलं पुस्तक टाकून माह्या ठेल्यासमोरून पळत सुटतात. मी रोज पाह्यतो. चपला हातात घेऊन पळतात काही.

"आबाजी, मी निवडून आली का हे गेट दहाले बंद होईन."

"आन् पडली तर?"

"तर पळायची प्रॅक्टिस त आहेच!"

"मले काऊन सांगून राह्यली? मी कोणाच्याच बाजूनं नाई," म्हणलं मी.

खोटं बोललो.

*

त्या गेटावरचा वॉचमन सुखदेव. सुकल्या भाकरीसारखा कडक. सातनंतर जो कोणी येईन, त्यानं रजिस्टरात नाव लिवायचं, वेळ लिवायची, आन् शेवटच्या रकान्यात 'उशिराचे कारण'. तवा कुलूप निघते. आन् पोरीचं नाव चढलं का दुसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन जाते.

एकदा खुद्द वॉर्डन मॅडम सातवर पाच मिनिटं झाल्यावर आल्या.

"सुखदेव, अरे मी वॉर्डन आहे!"

"माहीत आहे मॅडम. कारण लिवा."

मॅडमनं चिडून लिवलं, 'बाजारात गर्दी होती.'

सुखदेवनं वाचलं. "आज बाजाराचा दिवस नाई मॅडम. खरं लिवा."

मॅडमनं खोडून खरं लिवलं. काय लिवलं ते त्यानं आजपर्यंत मलेही सांगितलं नाई!

*

छापील पोस्टर बंद, हातानं लिवलेलंच लावा, असाही एक नियम. मनीषनं शहरातून दुकानाच्या पाट्या रंगवणारा पेंटर आणला. अक्षर झकास! कोपऱ्यात वेलबुट्टी, मधात मनीषचं नाव लाल रंगात. आन् हाताच्या सवयीनं पेंटरनं खाली लिवून टाकलं, 'आमची कोठेही शाखा नाही.'

दिवसभर पोस्टर झळकलं. मनीषच्या गँगमधल्या एकाच्याही ध्यानात नाई! शेवटी प्रणालीनं वाचलं.

"मनीष, इतकं खरं बोलणारा उमेदवार मी पाह्यला नाई रे!"

*

भाषणाच्या दिवशी माईकच बंद पडला. मनीष नुसता "हॅलो, चेक, चेक" करून राह्यला. पोट्टे उठून जाऊ लागले. तशी प्रणाली बिनमाईकची उभी राह्यली. मायसंगं बाजारात बसून कमावलेला आवाज! पार सायकल स्टँडपर्यंत गेला.

मागून एक पोट्टा कोकलला, "ए भाजीवाली, मेथी कशी दिली?"

"तुले नाई परवडत बाबू. तू फुकटची कोथिंबीर मागणाऱ्यातला!"

सारा हॉल हासला. मी मागं किटली घेऊन उभा. हातातला कप भरून चहा पायावर सांडला, तवा समजलं का मी बी हासून राह्यलो.

*

मतदान झालं, आन् चारले त्याच हॉलात मोजणी सुरू झाली. एक गठ्ठा दोनदा मोजला, मंग तिसऱ्यांदा. माहा पाय ठेल्यावर टिकेना. हॉलात जाऊ, बाहेर येऊ, घड्याळ पाहू. सहा वाजले. साडेसहा झाले. पावणेसात! प्रणालीकडून मोजणीले बसलेल्या साऱ्या पोरी होस्टेलच्या. उठल्या पटापट. आता तिच्या मतांवर नजर ठेवणार कोण?

"आमच्याकडून आबाजी बसतीन," प्रणाली म्हणाली.

ढोबळे सर निवडणूक अधिकारी. त्यांनी मले वरून खाली पाह्यलं. "तुम्ही विद्यार्थी आहात?"

"नाई. चौथी पास. नावं वाचता येतात आन् लबाडी ओळखता येते."

सर नाईच म्हणत होते. तेवढ्यात मनीष बोलला, "बसू द्या सर. आबाजी मले बी शिव्या देतात, तिले बी देतात. यांच्यापेक्षा निष्पक्ष माणूस वर्धा जिल्ह्यात भेटणार नाई."

पोट्टा तसा वाईट नाई.

प्रणाली चपला हातात घेऊन पळाली. स्वतःचीच मोजणी टाकून! मी तिच्या खुर्चीवर बसलो. एकेक चिठ्ठी डोळे फाडून पाह्यली. सात वाजले, आन् तिकडं गेट लागल्याचा आवाज आला.

*

साडेसातले निकाल लागला. प्रणाली अध्यक्ष!

पण निकालाच्या कागदावर निवडून आलेल्याची सही त्याच दिवशी पाहिजे. निघाली वरात. पुढं ढोबळे सर कागद घेऊन, मंग मी किटली घेऊन, माह्या मागं मनीष, स्वतःसाठी आणलेला हार हातात घेऊन. सारे होस्टेलच्या गेटावर. गेटाले कुलूप, गजांवर बाहेरून बारीक जाळी, कागदही आत सरकेना. आतून गज धरून प्रणाली उभी.

"निवडून आली वं तू!" मी ओरडलो. तिनं कपाळ गजाले टेकवलं.

"सुखदेव, गेट उघड," सर म्हणाले.

सुखदेवनं रजिस्टर पुढं सरकवलं. "नाव, वेळ आन् कारण लिवा सर."

सर तापले. मोठ्या मोठ्या अक्षरात कारण लिवलं, 'अध्यक्ष आत बंद आहेत.'

सुखदेवनं चष्मा लावला. बोट फिरवत सारं वाचलं. एकदा सरांकडं पाह्यलं, एकदा प्रणालीकडं. आन् रजिस्टर परत सरकवलं.

"सर, ही पोट्टी त रोजच आत बंद असते. आजचं कारण लिवा."