घराने न गिळलेली बाई

माझी मावशी टायपिस्ट. नाकावर माशी बसू न देणारी, तरी बावीस वर्षं एकाच लेखकाची हस्तलिखितं टाइप करत होती. साहेब अद्भुत कादंबऱ्या लिहीत, त्याही घरांच्या. नव्या कादंबरीतलं घर तर जिवंतच होतं. दिवे आपोआप लागायचे, फरशी आपोआप चकचकायची, मालकाने हाक मारायच्या आत चहा हजर.

मावशीने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘कप कोण विसळतं?’

साहेब हसले. “अहो बाई, जादूचं घर आहे ते.”

“जादूला कंबरदुखी नसते वाटतं!”

मावशीची आई, म्हणजे माझी आजी, जन्मभर लोकांच्या फरशा पुसत आली होती. तिचे सुजलेले गुडघे मावशीनेच शेकले होते.

एकशे त्रेचाळिसाव्या पानावर ती थांबली. तिथे कामवाली रजा मागते आणि भिंत तिला गिळते. कामं मात्र भिंतीतून तशीच होत राहतात आणि मालक निवांत झोपतो.

“हे पान मी टाइप करणार नाही.”

“कथेत भुतं चालतात ना तुम्हाला?”

“भुतं चालतात. फुकटची कामवाली चालत नाही.”

साहेबांनी काम काढून घेतलं. मशीन मावशीचं स्वतःचं, ते उचलून ती घरी आली. मी तेव्हा शाळेत होते, मावशीकडेच राहायचे. ती संध्याकाळी घेत असलेल्या टायपिंग क्लासवर आमचं भाडंही निघालं नसतं.

“पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

“मग पाण्याबाहेर राहू.”

साहेबांनी बाड दुसऱ्या टायपिस्टकडे दिलं. सगळं टाइप होऊन आलं, एकशे त्रेचाळिसावं पान तेवढं कोरं. तिसरीकडूनही तेच. गावातल्या झाडून साऱ्या टायपिस्ट बायका मावशीच्याच क्लासात शिकलेल्या, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. मला कळलं तेव्हा मी आनंदाने घरभर नाचले.

शेवटी साहेब आमचे तीन जिने चढून आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले.

“ठीक आहे. मरत नाही ती. दार उघडून निघून जाते. झालं?”

मावशीने मशीनमध्ये कागद चढवला. “नाव सांगा तिचं.”

साहेब बाड चाळू लागले. घराला नाव होतं, मालकाला होतं, मालकाच्या कुत्र्यालाही होतं.

“कामवालीच लिहा की!”

मावशीने कागद बाहेर काढला आणि मशीनवर झाकण घातलं.

“सावकाश ठरवा,” ती म्हणाली. “मध्ये चहा हवासा वाटला, तर स्वयंपाकघर तिकडे आहे.”