दहा इंचांचा उंचवटा

विलास सबनीस कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरचे फोटो बघायचा. कौतुकानं नव्हे, तिरके टांगलेत का ते पाहायला. पुण्यात इंजिनिअर होऊन तो मेलबर्नला आला आणि रस्त्यांचे चढउतार आखण्यात त्याची उमर गेली. क्रेगीबर्न उपनगराच्या नव्या रस्त्यांवर पाणी साचत नाही ते आपल्यामुळे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा आणि ते बरंचसं खरंही होतं. कुणाला काही विचारणं मात्र त्याच्या रक्तात नव्हतं. दुकानात डाळ सापडली नाही तर अख्खं दुकान पालथं घालील, पण विचारणार नाही. शुभदा, त्याची बायको, म्हणायची, "आमचे हे कधी रस्ता चुकत नाहीत. शहरच जागेवरून हलतं."

मुलगी स्पृहा क्रिकेट सोडून बेसबॉलकडे वळली, तेव्हा तो बरेच दिवस तोंड पाडून बसला होता. मग ती पिचर झाली, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि गडी एकदम पालटला. अंगात आल्यासारखा त्या खेळामागे लागला. त्यातही त्याला खरा मोह पडला तो माउंडचा. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा, वर रबराची पट्टी, आणि तिच्यावर पाय रोवून पिचर चेंडू फेकणार. क्रिकेटमध्ये खेळपट्टी सपाट करण्यासाठी रोलर फिरवायचा, आणि इथे मुद्दाम टेकाड करायचं, याचं त्याला केवढं अप्रूप!

गणपतीला जमलेल्या मंडळींनाही त्यातून सुटका नव्हती. "अरे, चेंडू वरून खाली आला की बॅटवाल्याला तो नीट सापडतच नाही. शिवाय उतारावर पाय टाकला की अंगाचा सगळा जोर चेंडूत जातो. पूर्वी अमेरिकेत पंधरा इंच उंची होती. पिचर लोकांनी असा काही धुमाकूळ घातला की शेवटी ती दहावर आणली." लोक मोदक खात माना डोलवायचे.

स्पृहा सोळा वर्षांची झाली आणि राज्याच्या मुलींच्या संघाची निवड सप्टेंबरमध्ये ठरली. तिथली थंडी जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा क्लबचं मैदान चिखलामुळे बंद असायचं. विलासनं ठरवलं, माउंड घरीच करायचा. त्यांचा प्लॉट जुना, लांबट. मागच्या अंगणात पिचरपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर बरोबर बसत होतं. होम प्लेट म्हणजे बॅटवाल्याच्या पायाशी बसवलेली पांढरी पंचकोनी पाटी. क्लबच्या कोचनं "शनिवारी दुपारी येऊन बघून जातो, मेट" म्हटलं, तर यानं हसून नको म्हटलं. चिकणमाती आणली, थर घातले, पाणी मारलं, धुमसानं चोपली. घराच्या बाजूला माउंड, पलीकडे कुंपणाशी प्लेट. मग माउंडच्या पायथ्याशी टेप लावला. बरोबर दहा इंच! त्यानं फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला.

जुलैत पाऊस लागला. एका सकाळी स्पृहा मागच्या दारातून म्हणाली, "बाबा, पाणी सगळं प्लेटकडे जातंय. इज इट लेव्हल?"

"लेव्हल मला शिकवू नकोस," विलास बूट घालताघालता म्हणाला. "पाणी कुठेतरी जाणारच ना! तू टाक."

ती टाकत राहिली. थंडीभर रोज शाळेतून आली की प्लेटमागच्या जाळीत धप्प, धप्प असा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या आवाजानं विलासचं मन भरून यायचं. तो स्वतः ऑफस्पिनर होता आणि जिल्ह्याच्या संघात निवड होता होता राहिली होती. ते दुःख त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण पोरीवर डोळे लावून बसला होता एवढं खरं.

निवडीच्या दिवशी स्पृहाचा पहिलाच चेंडू बॅटवालीच्या घोट्याशी गेला. दुसराही. गुडघ्याखालून गेलेला चेंडू वाया धरतात, आणि असे चार गेले की बॅटवालीला पहिला बेस फुकटात. समोरच्या मुली बॅटही हलवेनात. जाळीमागून विलास ओरडला, "जोर कमी पडतोय! खांदा लाव, स्पृहा!" तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खांदा लावला. चेंडू प्लेटच्या अलीकडेच आपटला. ती मात्र हात पोटाशी धरून माउंडवर खाली बसली होती.

कोपराचा स्नायुबंध तुटला होता. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले. लिहिता येईल, पिशवी उचलता येईल, पिचिंगचं विसरा, असं डॉक्टरांनी सभ्य शब्दांत सांगितलं. करंगळी बधिर झाली ती झालीच. त्याहून वाईट गोष्ट विलासनं केली. घरी येताना गाडीत, पोरीचा हात झोळीत असताना, तो म्हणाला, "ऐन वेळी कच खाल्लीस तू." शुभदानं मागून त्याच्या खांद्यावर जोरात चापट मारली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. त्यानंतर बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं.

वर्ष सरलं. शेजाऱ्यांशी मिळून लाकडी कुंपण बदलायचं ठरलं. दोघं कामगार आले आणि त्यांनी घरापासून टोकापर्यंत जमिनीलगत पिवळी दोरी ताणली, तिच्यात पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी अडकवून ती बरोबर आडवी केली. विलास चहाचा कप घेऊन बाहेर उभा होता. माउंडच्या बाजूला दोरी गवताला टेकली होती. प्लेटच्या बाजूला ती जमिनीपासून चांगलीच वर होती.

कप पायरीवर ठेवून तो प्लेटपाशी गेला. मोजलं. सहा इंच.

माउंडची उंची पायथ्यापासून मोजत नाहीत, होम प्लेटपासून मोजतात, हे त्यानंच गणपतीत शंभरदा सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. पोर थंडीभर सोळा इंचांवरून चेंडू टाकायला शिकली होती. खऱ्या मैदानावर तोच हात, तोच नेम, आणि चेंडू सहा इंच खाली. तुटलेलं कोपर त्या सहा इंचांच्या नावावर कुठलाच डॉक्टर लिहिणार नव्हता. पण चेंडू खाली का जात होते ते आता उघड होतं, आणि खांदा लाव म्हणून कोण ओरडलं तेही. जगाच्या रस्त्यांचे चढउतार काढणाऱ्याच्या अंगणात हे असं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली. तिला सांगितलं नाही तर ती जन्मभर स्वतःला भित्री समजणार. सांगितलं तर तिच्या मनातला बाप कायमचा जाणार.

तो आत गेला. स्पृहा टेबलाशी बसून डाव्या हातानं टाइप करत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "तू कच खाल्ली नव्हतीस गं. मी चुकीचं मोजलं होतं."

तिचा हात थांबला. "आय नो."

"कधीपासून?"

"जुलैपासून. पाऊस पडला तेव्हा. मी विचारलं होतं तुला."

विलासला आठवेना. त्यानं खरंच आठवून पाहिलं.

"तू म्हणालास, लेव्हल मला शिकवू नकोस. मला वाटलं, ट्रायलला ॲडजस्ट करीन. आय ट्राइड, बाबा. हाताला सवय लागली होती."

"मग गाडीत का नाही बोललीस? मी ते... ते बोललो तेव्हा? वर्षभर का गप्प राहिलीस?"

स्पृहानं उजवा हात मांडीवर घेतला आणि बधिर करंगळी चोळत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता; असता तर विलासला बरं वाटलं असतं.

"तू जाऊन परत पायथ्यापासूनच मोजलं असतंस," ती म्हणाली. "अँड इट वुड स्टिल बी टेन."