तोंडात एकच नाव

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि तेसुद्धा इतक्या बारीक आवाजात की नणदांनी परत परत घ्यायला लावलं. त्यानंतर आपलं 'अहो', 'ऐकलं का', आणि लई राग आला तर नुसतं भांडं आपटायचं. सीमाभागातल्या आमच्या वडगावात, निदान आमच्या गल्लीत, माझ्या वयाच्या बायका अजून अशाच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंचं म्हणणं. आणि सासूबाईंचं म्हणणं म्हणजे आमच्या घरात कायदा.

तर असल्या घरात मला पॅरालिसिसचा अटॅक आला. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती हो! बीपीची गोळी मी रोज घेत होते. म्हणजे ज्या दिवशी आठवायची त्या दिवशी घेत होते. सकाळची वेळ होती. मागच्या खोलीत ह्यांचे साड्या विणायचे दोन माग खडाखडा चालू होते, मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं, आणि एकदम उजवा हात माझा राहिलाच नाही. मी पडले. सासूबाई देवळातून आल्या, त्यांनी बघितलं, बोंब ठोकली आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा घशाला कोरड पडली होती. पाणी मागायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते ह्यांचं नाव. राव नाही, पंत नाही, नुसतं नाव, शाळेत मास्तर हजेरी घेताना घेतात तसं. मी दचकले. परत प्रयत्न केला. परत तेच. खाटेच्या पायथ्याशी हे उभे होते, ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि "अगं बाय गं!" म्हणून भिंतीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टर धारवाडकडचे होते, तरुण. त्यांनी आधी कन्नडात विचारलं, "हेसरेनु?" म्हणजे नाव काय. मी ह्यांचं नाव सांगितलं. त्यांनी फायलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मराठीत आले, "आत्ता तुम्ही कुठं आहात?" ह्यांचं नाव. "कर्नाटकचे मुख्यमंत्री कोण?" ह्यांचं नाव. "बरं, महाराष्ट्राचे?" तेच! सगळा सीमाप्रश्न मी खाटेवर पडल्या पडल्या मिटवून टाकला, दोन्हीकडं आमचंच सरकार. आणि मग मला हसू फुटलं. असं हसू की नर्स धावत आली.

त्या हसण्याचंही एक प्रकरणच झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय, काही दिवस हसणं-रडणं आपल्या ताब्यात राहणार नाही. माझं रडणं कुठं गेलं देव जाणे, वाट्याला नुसतं हसणं आलं. दुःख झालं की हसू, राग आला की हसू, इंजेक्शन टोचलं की हसू. घरी आणल्यावर गल्लीतल्या बायका तोंडं पाडून भेटायला यायच्या, "काय ह्ये नशीब गं तुजं," म्हणून डोळे पुसायच्या, आणि मी खो खो हसायचे. दोघीतिघींनी तर येणंच सोडलं. बरं झालं.

माझी मावसबहीण निपाणीहून पिशवीतून जिवंत कबूतर घेऊन आली. कबुतराचं गरम रक्त अंगाला चोळलं की लकवा पळतो म्हणे. पिशवी उघडली आणि ते थेट मागाच्या खोलीत उडालं, ताण्यावर बसलं, तिथं त्यानं आपला अभिप्राय दिला. बहीण झाडू घेऊन त्याच्या मागं, सासूबाई बहिणीच्या मागं, "अगं, साडी हाय ती, साडी!" मी खाटेवर हसून हसून अर्धमेली. उजवा पाय त्याच दिवशी पहिल्यांदा हलला. बहीण अजून सांगते, कबुतराचा गुण आला.

सासूबाईंची मात्र झोप उडाली होती. मला चहा हवा, ह्यांचं नाव. उशी नको, ह्यांचं नाव. दिवसभरात लेकाचं आयुष्य किती कमी होत असेल ह्याचा त्यांनी धसका घेतला. मग त्यांनी उपाय काढला. मी नाव घेतलं की त्या मूठभर मीठ-मोहरी घेऊन लेकाला ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. हे बिचारे तासातासाला ओवाळून घेत उभे. घरातलं मीठ संपलं, आणि आमच्या पोरीनं सांगितलं, "आजी, आता भाजी आळणी झाली." शेवटी त्या थकल्या आणि मी नाव घेतलं की तिथूनच ओरडायला लागल्या, "शंभर वरसं जग रं बाबा!"

आणि हे? हे फुलले होते! मुलखाचा अबोल माणूस. दिवसभर मागापाशी उभा, घरात आला की जेवला आणि झोपला. आता मी नावानं हाक मारली की हातातलं टाकून पळत यायचे, "काय गं? काय पायजे?" आणि तोंडावर असं हसू की मला लाज वाटायची. पोरगी बी.कॉम.ला आहे, ती म्हणायची, "आई, परत म्हण की, पप्पा कसं पळत येतात बघ." पाणी मागितलं तर चहा आणायचे, चहा मागितला तर चादर. पण आणायचे. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं मला पाण्याचा पेला दिला नव्हता हो. मला वाटलं, हा पॅरालिसिस जरा आधी यायला हवा होता.

दोन्ही माग बंद होते. माझ्या डोक्याला आवाज नको म्हणून असेल, असं मी समजले. पण घर कसं मेल्यासारखं वाटायचं. मी ह्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस त्या आवाजानं माझं डोकं उठायचं, आणि मग कधीतरी तो आवाज थांबला की डोकं उठायला लागलं. सुताच्या कांड्या भरायचं काम माझं, विणायचं ह्यांचं. मधे बोलायचं कसं? माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकरांच्या घरात हातानं बोलतात. बोटं तोंडाशी नेली की जेवायला चला. तर्जनी गोल फिरवली की कांड्या संपल्या. पंजा उभा धरला की माग थांबव, धागा तुटलाय. आमचा अर्धा संसार असल्या खुणांवर झाला. वाचा गेल्यावर मला वाटलं, चला, ह्या एका घरात तरी आपलं अडणार नाही.

तिथंच तर अडलं.

एक दिवस हे खाटेशी बसले आणि खाली बघत म्हणाले, "मी काय म्हंतो, माग इकून टाकू. भंगारवाल्यासंगं बोललोय. उद्यमबागेत कारखान्यावर वॉचमनचं काम मिळतंय." माग गेले की हा माणूस कुठल्यातरी फाटकाशी स्टुलावर बसून वाळून जाणार, हे मला तिथल्या तिथं दिसलं. ह्यांना दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही. साडीच्या काठावर बोट फिरवताना ह्यांचं तोंड बघावं! मी जीव खाऊन 'नाही' म्हणायला गेले. आलं ह्यांचं नाव. मग डावा हात उचलला आणि पंजा उभा धरला, थांबा, असं करू नका!

आणि हे म्हणाले, "व्हय गं, थांबिवतोच की आता. कायमचा."

आमच्या घरात उभ्या पंजाचा तेवढाच अर्थ. माग थांबव. मी परत परत पंजा उभा करत होते आणि हे परत परत मान हलवत होते, "व्हय, व्हय, कळलं." मला असा संताप आला, आणि संताप आला म्हणजे काय? हसू! मी खदाखदा हसले. ह्यांनी डोळे पुसले आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, तिला बी पटलंय बघ."

तिथून पुढं मी एकाच शब्दाच्या मागं लागले. न्हाय. व्यायाम करून घ्यायला गोकाककडची एक पोरगी यायची, फिजिओची. ती हातपाय हलवून घ्यायची आणि प्रत्येकाला "इन्नोम्मे" म्हणायची, म्हणजे आणखी एकदा. तिला वाटायचं, मावशीला बोट वाकवायचंय. मावशी मनात घोकत होती, न्हाय, न्हाय, इन्नोम्मे, न्हाय. ओठ जुळायचे, जीभ वर जायची, 'न'सुद्धा यायचा, आणि त्याच्या मागून ह्यांचं नाव धाडकन बाहेर. बाहेरच्या खोलीतून सासूबाई: "शंभर वरसं जग रं बाबा!"

भंगारवाला आला तो सकाळी, टेम्पो घेऊन, सोबत दोन गडी. एव्हाना मी काठी धरून चालायला लागले होते. मागाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. काय वाटेल ते होवो, उठायचं नाही. गड्यांनी पाने काढले, पहिल्या मागाच्या बोल्टाला लावले. मी तोंड उघडलं. ह्यांचं नाव! हे आले पळत, "आलो, आलो." मी पंजा उभा केला. "बंदच हाय गं," हे म्हणाले. माझं काळीज तुटत होतं आणि मी हसत होते. हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ.

भंगारवाल्यानं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "वैनी लई खूश दिसत्यात."

खूश!

"मुडद्या!" मी म्हटलं. मी म्हटलं! "हात लावशील तर मुडदा बशिवला तुझा!" माझं मलाच खरं वाटेना. पान्याचा आवाज थांबला. आणि शिवीनं वाट मोकळी केली तशी तिच्या मागून सगळी पलटण बाहेर आली, "इकायचं न्हाय! माग इकायचं न्हाय! न्हाय, न्हाय, न्हाय!"

पोरीनं किंकाळी मारली. सासूबाई साखरेचा डबाच घेऊन आल्या, "बोलली गं माझी बाय, बोलली!" म्हणत पहिली चिमूट त्या भंगारवाल्याच्याच तोंडात घातली, ज्याचा मी नुकताच मुडदा बसवला होता. तो बिचारा साखर चघळत म्हणाला, "मावशी, आणि दोन शिव्या द्या पाहिजे तर." क्षणात वैनीची मावशी झाले होते. मी हसले, आणि ह्या वेळी ते हसू माझंच होतं.

हे मात्र हसले नाहीत. ते मागाच्या फळीवर टेकले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"मला काय हौस हाय व्हय इकायची?" ते म्हणाले. "तू पडलीस तवा मी हितंच हुतो. भिंतीच्या पल्याड तू, अल्याड मी. माग चालू. आई आली तवा मला कळलं. दवाखान्यातनं आणल्यापास्नं मी बटनाला हात लावला न्हाय. तू हाक मारशील आणि मला ऐकूच यायची न्हाय, ह्येचं भ्या वाटतंय." मग त्यांनी वर बघितलं. "तू पडलीस तवा मला हाक मारलीस गं?"

मारली होती. आता तुमच्यापैकी कुणी वडगावात आलात तर तोंड सांभाळा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. फरशीवर पडल्या पडल्या मी आधी 'अहो' म्हटलं. परत 'अहो' म्हटलं. मागांच्या त्या खडखडाटात 'अहो' कुणाला ऐकू जाणार? मग जन्मात पहिल्यांदा मी नावानं हाक मारली. जीव तोडून मारली, जीभ जड होईस्तोवर मारत राहिले. तेच नाव तोंडात अडकून राहिलं. डॉक्टर म्हणतात, कधीकधी होतं तसं, शेवटचा शब्द जिभेवर बसून राहतो.

हे माझ्याकडं बघत होते. एवढे दिवस घोकूनही न आलेला तो शब्द नुकताच माझ्या हाताला लागला होता.

"न्हाय," मी म्हटलं. "हाक... न्हाय मारली."

ह्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि मग उठून त्यांनी माग चालू केला.