एकोणीस मीटर

रविवारी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी मीटरवाला डांबरी रस्त्यावर उकिडवा बसला होता. पोलादी टेपचं शून्याचं टोक त्याने खिळ्यावर अंगठ्याने दाबून धरलं होतं. टेपच्या दुसऱ्या टोकाला परगावाहून आलेल्या सर्वेवाल्या बाई होत्या.

एरवी तो पाण्याचे मीटर वाचतो, सव्वीस वर्षं. रविवारी शर्यतींचे रस्ते सायकलने मोजतो. आज मोजायचा रस्ता त्याचाच, चार वर्षांपूर्वी मोजलेला, पण मोजणाऱ्या बाई. नियमच तसा आहे: एखाद्या रस्त्यावर विक्रम झाला की तो रस्ता दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचा. पहिल्याने फार तर टेप धरायची.

विक्रम त्याच्या भाचीने केला होता. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, आणि देशातल्या आजवरच्या सर्वांत कमी वेळेपेक्षा एक्कावन्न सेकंद कमी. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे, नऊ वर्षं हंगामी. विक्रमाच्या कागदावर शिक्का पडला की ती खेळाडूंच्या कोट्यातून कायम होणार होती. कोट्याची वयोमर्यादा अडतीस, आणि अडतिसावं पुढच्या महिन्यात पूर्ण होणार. पुन्हा धावून दाखवायची सोय नव्हती. तिच्या गुडघ्याने द्यायचं ते त्या दिवशीच देऊन टाकलं होतं. चाला, पण धावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मोजणीची रीत साधी आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला काउंटर असतो. टेपने मोजलेल्या तीनशे मीटरच्या पट्ट्यावरून आधी चार वेळा जायचं, काउंटर किती पडतो ते लिहायचं. मग शर्यतीचा रस्ता. मग परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा, कारण चाकाचा भरवसा नसतो. हवा कमी झाली की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं, आणि आकडा पुरा दिसला तरी रस्ता तोकडा राहतो. शिवाय दर किलोमीटरमागे एक मीटर पदरचा घालायचा. म्हणजे बेचाळीस मीटर जास्तीचे. एवढं असताना रस्ता कमी भरायला माणसाला बरीच मेहनत घ्यावी लागते.

अकराच्या सुमाराला बाई फुटपाथच्या कडेवर बसून हिशेब करत होत्या. मधला एक आकडा त्यांनी खोडून पुन्हा काढला. तोच आला. बेचाळीस हजार एकशे शहात्तर.

"एकोणीसने कमी आहे, काका," त्या म्हणाल्या.

रस्ता मध्यंतरी नव्याने डांबरला होता. बाईंनी तेही तपासलं. वळणाचे खिळे जागच्या जागी होते, पट्टाही टेपला बरोबर भरला होता. मग त्यांनी त्याची चार वर्षांपूर्वीची फाईल उघडली आणि बराच वेळ एकाच पानावर थांबल्या.

"आधीचे चार आकडे आणि नंतरचे चार आकडे तेच आहेत. फक्त क्रम बदललाय." त्यांनी चष्मा काढला. "एकोणीस वर्षं मोजते आहे मी. असं कधी बघितलं नाही."

मीटरवाल्याला लोकांच्या थापा ओळखायची सवय होती. मीटर बंद आहे, घरी कुणी नव्हतं, नळच गळतो. स्वतःची थाप इतकी कच्ची असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नंतरचं मोजलंच नाही," तो म्हणाला. "चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. मऊ लागलं. हवा भरली आणि घरी गेलो."

"हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

विक्रम एक्कावन्न सेकंदांचा होता आणि एकोणीस मीटर धावायला तिला पाच सेकंदही लागले नसते, हे त्याने बोलून दाखवलं नाही. बाईंनाही ते गणित येत होतं. तोकड्या रस्त्यावरची वेळ जोडता येत नाही, वजा करता येत नाही. ती नसतेच.

घरी जेवताना बायकोने विचारलं तेव्हा त्याने कमी भरला एवढंच सांगितलं. "मेलं ते चाक," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांची पळायची वाट मोजलीत, पोरीचीच नेमकी आखूड?" तो ताटावरून उठला, मग तिनेही हात धुतला.

तीन वाजता तो लाँड्रीत गेला. भाची गरम चादरींच्या ढिगाशी उभी होती. त्याचा चेहरा बघून तिने हातातली चादर खाली ठेवली. रस्ता कितीने कमी भरला ते त्याने सांगितलं.

"एकोणीस मीटर म्हणजे किती हो, मामा?"

त्याने दारापासून पलीकडच्या भिंतीतल्या नळापर्यंत बोट दाखवलं. ती चालत गेली, नळाला हात लावला, परत आली. गुडघा वाकवत नव्हती.

"डांबरामुळे झालं असेल," ती म्हणाली. "नवा रस्ता केला ना."

त्या दिवसापुरतं तेवढ्यावर निभावलं असतं. अहवालाची एक प्रत धावपटूला टपालाने जाते हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिने दिलेली पळवाट धरणं त्याला जमलं नाही. त्याने सगळं सांगितलं: मऊ चाक, पंप, क्रम बदललेले आकडे.

"घाई कसली होती?"

"साडू येणार होते. अकराच्या बसने. त्यांना आणायला जायचं होतं."

तिने एक चादर झटकली, चार कोपरे जुळवले, नीट बसले नाहीत म्हणून पुन्हा सोडले.

"मग? बस आली वेळेवर?"

"दोन तास उशिरा."

"दुसरं टोक धरा," ती म्हणाली.

त्याने धरलं. पाळी सुटेपर्यंत दोघांनी चादरींच्या घड्या घातल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा, तो निघताना तिने मामीला काही निरोप दिला नाही.

घरी येऊन त्याने सायकलचा काउंटर सोडवला आणि बाईंच्या हवाली करण्यासाठी कागदात गुंडाळून ठेवला. मग उद्याची मीटरची यादी पाहिली. लाँड्रीचा मीटर दर महिन्याच्या अकरा तारखेला वाचायचा असतो, यादीत तो पहिला आहे, सकाळी आठला, आणि आकड्याखाली पहिल्या पाळीच्या कामगाराची सही लागते. उद्या अकरा तारीख आहे आणि पहिली पाळी तिची आहे.