दहीभाताची सीडी

भुजंगरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या संगणकांच्या एका दुकानात चक्क फरशीवर मांडी घालून बसले होते. कमरेला लुंगीसारखी पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. शनिवारची दुपार होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि हे गृहस्थ मान वर करून शेल्फावरच्या मॉनिटरकडे एकटक बघत होते. जाड पाठीचे मॉनिटर जाऊन चपटे यायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मीही तसलाच एक घ्यायला गेलो होतो.

"आजोबा, उठा, कुणाचा तरी पाय पडेल," माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं. चेन्नईत येऊन मला सात-आठ महिने झाले होते, पण घाईच्या वेळी तमिळ आठवत नसे.

"पडूं दे कीं," ते नजर न हलवता म्हणाले. "उठलों तर अस्कं चांगलंच दिसतं."

अस्कं म्हणजे सगळं. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन राहिलेले. घरातलं मराठी त्यांनी तसंच जपलं होतं, अधूनमधून तमिळचे खडे असलेलं. मी सांगलीचा म्हटल्यावर त्यांनी मला गाववाल्यासारखं जवळ ओढलं. सांगली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण त्यामुळे माझी सुटका झाली नाही.

दुकानदाराने सगळ्या मॉनिटरांवर एक झगझगीत पोपट लावून ठेवला होता. भुजंगरावांनी खिशातून सीडी काढली. ती जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली होती. "पोपट कोणीही हिरवा दाखवील," ते विक्रेत्याला तमिळमध्ये म्हणाले, आणि मग मला मराठीत, "दहीभात दाखव म्हणावं." विक्रेत्याने वैतागून सीडी घातली. तिच्यात एकच फोटो होता. केळीचं पान, पानावर दहीभात, कडेला लिंबाचं लोणचं, मागे स्टीलचा तांब्या. फोटो त्यांनी स्वतः काढलेला.

"आतां सांग, दही कोठें संपलं आणि भात कोठें सुरू झाला?"

मी उभा होतो. मला शितं वेगळी दिसत होती, दह्याची साय वेगळी दिसत होती. तसं सांगितलं. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. खालून बघितलं तर पानाचं काळपट काहीतरी झालं होतं आणि दहीभाताच्या जागी राखाडी गोळा. चारही मॉनिटरांची तीच गत. "पुढून अस्के चांगलेच दिसतात, तंबी," ते म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मीच ते पुरं करत असे.

मी संगणकातला माणूस. रेझोल्यूशन, कॉन्ट्रास्ट, रिस्पॉन्स टाइम अशी सगळी जंत्री पाठ करून गेलो होतो. मला घरचे फोटो बघायचे होते आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. भुजंगरावांनी जंत्री शांतपणे ऐकून घेतली.

"फोटो कोण पाहणार?"

"मीच."

"खेळ?"

"तोही मीच."

"खुर्चीवर बसून?"

"हो."

"मग हा घे. मोटारी पळतांना मागें शेपूट दिसत नाहीं. एकटा आहेस, पुढूनच पाहणार. तुला हा पुरे."

मला तो सल्ला थोडा झोंबला, पण मॉनिटर मी तोच घेतला. तो पुढची पाच वर्षं कुरकुर न करता चालला. त्यांनी काहीच घेतलं नाही. सीडी पुन्हा कागदात गुंडाळली आणि कॉफीसाठी घरी चल म्हणाले. संगणकातला मराठी माणूस सापडला होता, तो त्यांना सोडायचा नव्हता. लोकलने माम्बलमपर्यंत मांडीवर खोकं घेऊन मी त्यांच्या गोष्टी ऐकल्या.

ते तीसेक वर्षं एका कॅलेंडर छापखान्यात रंग जुळवायला होते. मूळ चित्र आणि छापलेला कागद खिडकीजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, वाकून बघायचं, आणि कुठला रंग किती कमीजास्त ते सांगायचं. एकदा लक्ष्मीच्या पायाखालच्या कमळासाठी त्यांनी अर्धा दिवस यंत्र बंद ठेवलं होतं. मालक ओरडायला आला तेव्हा म्हणाले, "कमळ लाजायला पाहिजे, हें तर तापलंय. घरांत टांगल्यावर वर्षभर पाहवेल कां?" मालकाने यंत्र बंद राहू दिलं. असल्या माणसाला एक मॉनिटर निवडता येत नाही आणि तो दर शनिवारी दुकानांच्या फरशा झिजवतो, याचं मला हसू येत होतं. ते मी दाखवलं नाही, इतकंच.

पश्चिम माम्बलममधल्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरल्यावर हसू गेलं. आतल्या खोलीत खाटेवर त्यांच्या पत्नी, कावेरीअक्का, पडून होत्या. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, त्यातून थोडी परत आलेली. मान उशीवरून फार उचलता येत नव्हती. त्या बाईंनी लग्न झाल्यापासून रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी, काढलं होतं, ठिपके न मोजता. आता त्या हाताची बोटं आत वळत चालली होती. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. अक्कांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. "मी का मूल आहें?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मग त्यांच्या भाच्याने जुना संगणक आणून दिला. त्यात रंगीत गोळ्यांचा एक खेळ होता, एका रंगाचे पाच गोळे एका ओळीत आणायचे. अक्कांनी सहज माउसवर हात ठेवला आणि जेवायची वेळ होईपर्यंत काढला नाही. ठिपके जोडण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना तो खेळ शिकवावा लागला नाही. चेंडूने जे झालं नाही ते गोळ्यांनी केलं, बोटं सुटायला लागली. अडचण एवढीच होती की जाडा मॉनिटर टेबलावरून हलत नसे, आणि त्याच्यासमोर अक्कांना खुर्चीत बांधल्यासारखं बसवावं लागे. त्यात त्यांची पाठ भरून यायची. म्हणून भुजंगरावांनी चपटा मॉनिटर आणला, खाटेजवळ उंच स्टुलावर ठेवला, म्हणजे पडल्या पडल्या खेळता येईल.

तो त्यांनी दुकानात उभं राहून, पुढून बघून आणला होता.

"कागद कोठूनही पाहा, तोच रंग असतो," ते मला म्हणाले. आवाज खाली गेला होता. "तीस वर्षं कागदच पाहिला. हें असं फिरतं हें माझ्या डोक्यांतच आलं नाहीं."

"लाल आणि शेंदरी एकच दिसतात, तंबी," अक्का खाटेवरून म्हणाल्या. "मी हरतें. रोज हरायला मला का वेड लागलंय? पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. तीन आठवडे त्यांनी माउसला हात लावला नव्हता, आणि बोटं पुन्हा आत चालली होती. हात असाच पडून राहिला तर कायमचा पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भुजंगरावांनी हे सगळं मला कॉफी ओतता ओतता सांगितलं, आणि कपाटातून एक दोरी काढून दाखवली. तिला दोन गाठी होत्या. एक गाठ अक्कांच्या डोळ्यांच्या उंचीची, दुसरी स्टुलाच्या. दुकानात ते फरशीवर का बसत होते ते मला तेव्हा कळलं.

मी आपली इंजिनिअरकी करून पाहिली. मॉनिटर पुढे झुकवला, मागच्या पायाखाली पुस्तकं सरकवली, रेझोल्यूशन चुकीचं होतं ते नीट केलं. गोळ्यांच्या कडा स्वच्छ झाल्या, पण अक्कांनी उशीवर मान जरा वळवली की शेंदरी पुन्हा लाल व्हायचा. भुजंगराव माझ्या मागे उभे होते. त्यांनी दोरी पुन्हा कपाटात ठेवली.

आमच्या ऑफिसात चित्रांचं काम करणाऱ्यांकडे वेगळ्या पॅनलचे मॉनिटर होते. मी एके दिवशी सगळ्यांदेखत त्यांच्या टेबलाखाली शिरून वर बघितलं. रंग जागचे हलले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की हे पॅनल वेगवान खेळांना जरा मंद पडतं, म्हणून गेमवाले ते घेत नाहीत. गोळ्यांना कसली घाई? पण रिची स्ट्रीटवर तसला एकही नव्हता. सिनेमाच्या एडिटिंगवाल्यांना माल देणारं एक दुकान कोडंबाक्कमला आहे असं कुणीतरी सांगितलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं तिथे गेलो.

त्या मालकाने आयुष्यभर सिनेमाची माणसं पाहिलेली. भुजंगरावांनी दोरी काढली, गाठी मोजून मॉनिटर स्टुलावर ठेवायला लावला आणि वेष्टी सावरून सरळ फरशीवर आडवे झाले. मालकाची पापणीही हलली नाही. "सर, उशी देऊ का?" त्याने तमिळमध्ये गंभीरपणे विचारलं.

"द्या. उंच नको. तिची उशी चापट आहे."

उशी आली. मी सीडी घातली. दहीभात पडद्यावर आला आणि भुजंगराव त्याच्याकडे बघत राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. एक डोळा मिटून पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यांना ओलांडून गेलं. मग मी गोळ्यांचा खेळ लावला. त्यांनी बोट वर करून एकेक गोळा मोजला, "लाल. शेंदरी. शेंदरी. लाल." सगळे बरोबर. ते उठेनात तेव्हा मी हात द्यायला वाकलो, तर त्यांचे डोळे भरलेले होते. "पंखा डोळ्यांवर येतोय," ते म्हणाले. पंखा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

अक्कांनी नव्या मॉनिटरचं कौतुक वगैरे केलं नाही. दोन डाव खेळल्या, तिसऱ्यात जिंकल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही जा हिकडून. सावली पडते." त्यानंतर भुजंगरावांना आतल्या खोलीत यायला परवानगी लागायची. शनिवारी मी गेलो की ते बाहेर बसून मला विचारत, "पाहून ये, बोटं कशीं आहेत?"

आयुधपूजेला मी त्यांच्याकडेच होतो. त्या दिवशी तिकडे घरातल्या सगळ्या हत्यारांना विश्रांती, विळीपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू. भुजंगरावांनी मॉनिटर आणि माउस स्वच्छ पुसून बंद ठेवले आणि गंधाची वाटी उचलली. अक्का म्हणाल्या, "मी लावतें." उजवा हात हळूहळू वर गेला. लावायचं होतं चौकटीवर, पण हात थरथरला आणि टिळा पडद्याच्याच कोपऱ्यात बसला, वर ओघळही आला. मी ओला फडका घेऊन धावलो. अशा पडद्याला डाग राहतो हे मला माहीत होतं.

भुजंगरावांनी माझा हात धरला. "राहूं दे," ते म्हणाले. "तो रंग बरोबर आहे."

त्यानंतर वर्षभरात माझी पुण्याला बदली झाली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन व्हायचा. अक्कांच्या बोटांची खबर, छापखान्याच्या नव्या कॅलेंडरांवर टीका, आणि शेवटी मी लग्नासाठी मुली बघत होतो त्यावर त्यांचं "पुढून अस्के..." हे ठरलेलं वाक्य. मग एकदा फोन अक्कांनी उचलला. भुजंगराव सकाळी कॉफी घेऊन पेपर वाचायला बसले, आणि पेपर हातातच राहिला. आम्ही सगळे अक्कांची काळजी करत होतो. ते जातील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तीन महिन्यांनी कामासाठी चेन्नईला गेलो तेव्हा माम्बलमला गेलो. भाचा आता तिथेच राहायला आला होता. अक्का खाटेवर, मॉनिटर स्टुलावर, कोपऱ्यात गंधाचा डाग. भिंतीवर भुजंगरावांचा हार घातलेला फोटो असेल म्हणून मी तयारीने गेलो होतो, पण भिंत रिकामी होती. ज्या माणसाने लाखो घरांत चित्रं पाठवली त्याचा एकही धड फोटो घरात नव्हता. लग्नातला होता तो पावसात गेला, आणि त्यानंतर त्यांनी कॅमेरा सतत दुसऱ्यांवर धरला.

"दहीभात लाव, तंबी," अक्का म्हणाल्या.

मी लावला. उभाच होतो. दही वेगळं, भात वेगळा, नेहमीसारखं. कितीदा पाहिलं होतं मी ते चित्र.

"खालीं बस. माझ्या उशीजवळ." मी फरशीवर बसलो. "भात नको पाहूं. तांब्यांत पाहा."

उभ्याने पडद्यावर खिडकीचा उजेड पडत होता, इथून तो नव्हता. तांब्याच्या चकचकीत पोटावर, बोटाच्या पेराएवढा, एक माणूस वाकून उभा होता. पांढरी वेष्टी, डोळ्यांपुढे कॅमेरा, आणि शर्टाच्या खिशात खोचलेली दोन पेनंसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"हा पडदा आणला त्याच दिवशीं मला दिसले," अक्का म्हणाल्या. "त्यांना सांगितलं नाहीं. सांगितलं असतं तर फोटो चुकला म्हणून पुन्हा काढला असता."

त्यांनी उजवा हात माउसवर ठेवला, बोटं पुरती सरळ होती, आणि चित्र मोठं केलं.