पाटी बदला

शिंपीणबाईंना गाडी हवी होती ती लेकीसाठी. लेकीची चाकाची खुर्ची बसमध्ये चढत नव्हती, आणि या पांढऱ्या गाडीच्या डिकीत मात्र ती नेमकी बसली. काचेवरच्या पाटीवर लिहिलं होतं, चाळीस हजार किलोमीटर. नवरा तर सही करायला पेनही शोधू लागला.

बाई मात्र खाली वाकल्या. जुने कपडे उसवता उसवता त्यांना सवयच लागली होती, कापड कुठे झिजलंय ते आधी बघायची. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. त्यांनी तपासणी केंद्रातून आदल्या दिवशी काढून आणलेला या गाडीच्या नोंदींचा कागद पुढे धरला.

"दोन वर्षांपूर्वीच एक लाख दहा हजार नोंदलेत. ब्रेक नापास, तेही दोनदा. गाडी काय उलटी चालवत होतात?"

विक्रेता हसला. "वहिनी, बायकांना गाडीतलं काय कळतं?"

"झीज कळते, भाऊ. पाटी बदला."

"चल ना, लोक बघतायत," नवरा कानाशी पुटपुटला.

"बघू देत की." बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने विक्रेत्याने दातओठ खात खरा आकडा लिहिला, खाली 'ब्रेक नापास' हेही लिहिलं. तेव्हा कुठे बाई उतरल्या आणि डिकीतून खुर्ची काढू लागल्या.

"आता तरी घेणार ना?"

"ही? माझी पोर बसणार आहे गाडीत. दुसरी दाखवा, आणि तिचा कागद आधी."